हीटर पुन्हा पुन्हा कोमट का पडतो? गोव्यातील गाड्यांसाठी निदान आणि दुरुस्ती

गोव्यातील बहुतेक गाड्यांमध्ये तापमानाचे बटण वर्षातील दहा-अकरा महिने निळ्या टोकालाच असते. त्यामुळे हीटर कोमट पडल्याचे लक्षात येते ते जुलैत चोर्ला घाटात समोरची काच बाष्पाने भरून आल्यावर, किंवा डिसेंबरातल्या पहाटे बेळगाव जवळ आल्यावर; आणि तोवर बिघाड बराच मुरलेला असतो. गॅरेजमध्ये तक्रार केली, की ‘गोव्यात हीटर हवा कशाला?’ असे हसत हसत उत्तर मिळते, थोडेफार काही केले जाते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. हीटरला स्वतःची वेगळी आग नसते. तो इंजिनच्या कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यातून फिरणाऱ्या द्रवाची, उष्णता उसनी घेतो, म्हणून तो कोमट पडला की कूलिंग यंत्रणेत काहीतरी उणे आहे असा संशय धरूनच तपासाला लागावे, असे माझे मत आहे. एप्रिल-मे महिन्यात गाडी तापून रस्त्याच्या कडेला उभी राहण्याआधी मिळणारी ही बहुधा सर्वांत स्वस्त सूचना असते.

तपासाला उपयोगी पडेल एवढीच यंत्रणेची माहिती आधी पाहू. पाण्याचा पंप, ज्याला आपल्याकडचे मेस्त्री ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, तो कूलंट इंजिनमधून फिरवतो. इंजिन ठरावीक तापमानाला येईपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतो. तापलेल्या कूलंटचा एक फाटा इंजिनामागच्या पत्र्यातून दोन रबरी होज पाइपांनी आत येतो आणि डॅशबोर्डामागे बसवलेल्या हीटर कोरमधून, म्हणजे एका छोट्या रेडिएटरमधून, फिरून परत जातो. ब्लोअरची हवा या कोरमधून किती जाणार आणि त्याला वळसा घालून किती जाणार, हे एक झडप ठरवते. म्हणजे कूलंट पुरेसा तापला पाहिजे, तो कोरपर्यंत पुरेशा वेगाने पोहोचला पाहिजे आणि हवा त्या कोरमधून गेली पाहिजे. पुढचा सगळा तपास यांपैकी काय होत नाही ते शोधण्याचा आहे.

हीटर गोव्यात खरोखर कशासाठी लागतो, हेही सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावरूनच तक्रारीचे स्वरूप कळते. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते ते तापमान, २४-२५ अंशांच्या घरात असतो. नुसता एसी काचेवर सोडला तर काच त्याहून थंड होते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला बाष्प धरते. वायपर फिरवला की निघते आणि पुन्हा येते. एसी बंद ठेवला तर भिजलेल्या कपड्यांची आणि श्वासाची वाफ आतून काच धूसर करते. उपाय एकच, की एसी चालू ठेवून हवा कोरडी करावी, तापमानाचे बटण लाल बाजूकडे थोडे नेऊन तीच हवा कोमट करावी, ती काचेवर सोडावी आणि बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय निवडावा. हीटर दुबळा असेल तर बटण कुठेही फिरवले तरी हवा थंडच राहते आणि काच साफ होत नाही. अनमोड किंवा चोर्ला घाटात, जिथे समुद्रकिनाऱ्यापेक्षा गारवा जास्त आणि धुके दाट, हा सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

आधी मोजा, मग ठरवा

थंड प्रदेशात हीटर दुबळा आहे हे हाताला लगेच कळते. आपल्याकडे बाहेरच ३० अंश तापमान असते, तेव्हा ४० अंशांची हवाही हाताला गरम भासते आणि ‘हीटर तर चालतो आहे’ असा निर्वाळा दिला जातो. म्हणून एक साधा तापमापक घ्यावा. स्वयंपाकघरात वापरतात तो सळीचा डिजिटल तापमापक उत्तम. वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर एसी बंद करावा, बटण लाल टोकाला न्यावे, ब्लोअर मध्यम वेगावर ठेवावा आणि मधल्या झरोक्यात तापमापक धरावा. निरोगी यंत्रणेत तो ५० अंशांच्या वर सहज जातो. कोविडच्या काळात घरोघरी आलेले कपाळाचे तापमापक या कामाला चालत नाहीत, कारण शरीराच्या तापमानाच्या थोडे पुढे गेले की ते आकडाच दाखवत नाहीत. होज पाइपांसाठी औद्योगिक वापराचा इन्फ्रारेड तापमापक चांगला. तो रबरावर खरा आकडा देतो, चकचकीत ॲल्युमिनियमवर मात्र खोटा आणि कमी देतो, हे ध्यानात ठेवावे.

हवा गरम आहे पण तिला जोर नाही, अशी तक्रार असेल तर कूलंटला हात लावण्याचे कारण नाही. डॅशबोर्डातल्या खणामागचा (ग्लोव्ह बॉक्समागचा) केबिन फिल्टर काढून पाहावा. डिचोली, साखळी किंवा कुडचडे परिसरात फिरणाऱ्या गाड्यांत तो तांबड्या धुळीने लिंपलेला असतो, तर आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पालापाचोळा आणि बुरशी. पावसाळ्यात उंदरांनी तिथे संसार थाटल्याचेही आढळते. ब्लोअर फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या वेगावरच चालत असेल तर त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळाला आहे. तो स्वस्तात बदलता येतो, मात्र वायपरखालच्या जाळीत पाने अडकून पाणी आत उतरत असेल तर नवा रेझिस्टरही गंजून जाईल, म्हणून जाळी आधी साफ करावी.

तापमानाचा काटा काय सांगतो

हवेला जोर आहे पण ऊब नाही, असे असल्यास पुढचा प्रश्न इंजिन स्वतः तापते का, हा आहे. महामार्गावर सलग गाडी चालवताना काटा मध्यावर येऊन स्थिर राहिला पाहिजे. अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो, केवळ निळा आणि लाल दिवा असतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखालच्या जोडणीत ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे छोटे यंत्र, लावून मोबाइलवर कूलंटचे नेमके तापमान पाहता येते. महामार्गावर ते ६०-७० अंशांवर घुटमळत असेल आणि शहरातल्या रहदारीत वर चढत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा तो जागेवरच नाही. स्कॅनरवर पी०१२८ हा संकेत दिसला तर त्याचाही अर्थ तोच, की इंजिन अपेक्षित वेळेत अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही.

‘जागेवरच नाही’ हे मुद्दाम लिहिले आहे. कधीतरी घाट चढताना गाडी तापते, मूळ कारण गळती किंवा अडकलेला पंखा असते, पण थर्मोस्टॅट काढून टाकणे हा सर्वांत झटपट उपाय वाटतो आणि ‘आपल्या हवेत याची गरज नसते’ असे सांगून तो काढला जातो. गाडी त्या दिवशी तापत नाही, मालक समाधानी असतो. पुढे मात्र इंजिन सतत अर्धवट थंड राहते, संगणक थंड इंजिनासाठी असलेले जादा पेट्रोल देत राहतो, तेलातली वाफ उडून जात नाही आणि हीटर कोमट पडतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की कूलंट रेडिएटर टाळून आडवाटेनेच फिरतो आणि भर उन्हात गाडी उलट अधिक तापते. जुनी गाडी विकत घेतली असेल, विशेषतः अनेक हातांतून आलेली, तर थर्मोस्टॅटचे घर उघडून तो आहे का हे प्रत्यक्ष पाहावे. माझ्या मते हीटरच्या तपासात सर्वांत जास्त वेळ वाचवणारी पायरी हीच आहे.

थर्मोस्टॅट मिळाला तर त्याची परीक्षा घरी होते. जुन्या, स्वयंपाकात पुन्हा न वापरायच्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने अधांतरी टांगावा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये, आणि पाणी तापवत तापमापक पाहावा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या जवळपास तो उघडू लागला पाहिजे, पाणी उकळेपर्यंत बराचसा उघडला पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. गार पाण्यातही फट दिसत असेल तर नवा घ्यावा, आणि तोही गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या तापमानाचाच. बसवताना त्याच्या कडेची लहान हलती पिन वरच्या बाजूला यावी, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते.

दोन होज पाइप

काटा व्यवस्थित असूनही ऊब नसेल, तर इंजिन तापलेल्या स्थितीत हीटरचे दोन्ही होज तपासावेत. सैल कपडे आणि पदर-ओढणी दूर ठेवावी, कारण रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यानंतरही.

दोन्ही होज सारखेच गरम असतील तर कोरपर्यंत उष्णता पोहोचते आहे आणि दोष झडपेत आहे. बटण महिनोन् महिने एकाच टोकाला राहिल्याने केबल ताठरते किंवा आकड्यातून निसटते. ऑटोमॅटिक एसी असलेल्या गाडीत छोटी मोटर झडप फिरवते आणि तिचे दाते तुटले तर डॅशबोर्डातून टकटक ऐकू येते. पावसाळ्याआधीच नव्हे, महिन्यातून एकदा तरी बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवण्याची सवय यासाठी पुरेशी आहे.

दोन्ही होज थंड असतील तर कूलंट तिथे येतच नाही. कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा वाट मुद्दाम बंद केली आहे. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे दुर्मीळ नाही. एसी कमी थंड करतो अशी तक्रार घेऊन गाडी जाते, आणि झडप नीट मिटत नसल्यामुळे कोरची ऊब हवेत मिसळते आहे, हे खरे कारण न दुरुस्त करता हीटरचे दोन होज एका तुकड्याने परस्परांना जोडून दिले जातात. एसी सुधारतो, हीटर संपतो, आणि पुढच्या मालकाला काहीच ठाऊक नसते. जुन्या लहान गाड्यांमध्ये होजवर केबलने चालणारा कॉकही असतो. तो गंजून बंद स्थितीतच बसलेला असू शकतो.

एक होज गरम आणि दुसरा कोमट असेल तर आकडे पाहावेत. दहा-पंधरा अंशांचा फरक स्वाभाविक आहे, कारण कोरने उष्णता दिलेली असते. फरक त्याहून बराच मोठा असेल, तर कोर आतून भरला आहे आणि कूलंट त्यातून रेंगाळत जातो आहे. वेग वाढवला की ऊब येते आणि सिग्नलला थांबले की जाते, असे असेल तर कूलंटची कमी पातळी, अडकलेली हवा आणि झिजलेला पंप, या क्रमाने पाहावे.

कोर का भरतो, आणि साफ करूनही पुन्हा का भरतो

तक्रार परत परत येण्याचे मूळ इथे आहे. कूलंटच्या टाकीतली पातळी उतरली की आपल्याकडे हाताशी असलेले पाणी ओतले जाते, आणि गोठण्याचा प्रश्नच नसल्याने कूलंट ही थंड देशांची चैन आहे असा समज पक्का आहे. वास्तविक कूलंटमधले गंजरोधक घटक इथे जास्त महत्त्वाचे. आपली जमीन जांभ्याची, लोहयुक्त. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींना उन्हाळ्यात मचूळपणा येतो. असे पाणी इंजिनात गेले की क्षार साचतात, क्लोराइड ॲल्युमिनियमला खाते आणि ओतीव लोखंडी ब्लॉकमधून तांबडा गाळ सुटतो. हा गाळ जिथे नळ्या सर्वांत अरुंद तिथे, म्हणजे हीटर कोरमध्ये, जाऊन बसतो. कूलंट उकळण्याचा बिंदूही वाढवतो, हा आणखी एक लाभ: अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) असे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते आणि बंद, दाबाखालच्या यंत्रणेत त्याहून बरेच वर.

म्हणून टाकीतले थोडे द्रव काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात पाहावे. स्वच्छ हिरवे, गुलाबी, निळे काहीही असो, ते पारदर्शक हवे. चहासारखे दिसत असेल तर नुसता कोर धुऊन उपयोग नाही. ब्लॉकमधला गाळ महिन्याभरात पुन्हा कोरमध्ये येईल आणि दोष हीटरच्या माथी मारला जाईल. आधी संपूर्ण यंत्रणा रिकामी करावी, इंजिनासाठी मिळणारे सौम्य साफसफाईचे द्रावण बाटलीवरील सूचनेप्रमाणे फिरवावे, निघणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे, आणि त्यानंतर हीटरचे दोन्ही होज सोडवून कोर उलट्या दिशेने, म्हणजे परतीच्या तोंडातून पाणी सोडून, धुवावा. बागेच्या नळीचा मंद प्रवाह पुरे. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर पंपाचा मोह टाळावा, कारण कोरचा पातळ ॲल्युमिनियम फाटला तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी कोरच्या किमतीच्या कितीतरी पट होते. कडक झालेले जुने होज ओढून काढू नयेत. कोरची नळी वाकण्यापेक्षा होज उभा चिरून नवा घालणे परवडते. शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करावी.

त्यानंतर भरायचे ते गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट. रंगावरून प्रकार ठरत नाही, तो उत्पादकाच्या पसंतीचा असतो. निरनिराळ्या जातींची कूलंट मिसळली तर गंजरोधक घटक निकामी होतात आणि काही वेळा चिकट साका तयार होतो. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा बाटल्या तयार मिश्रणाच्या असतात. त्यात पुन्हा पाणी घालू नये. जुने कूलंट गटारात किंवा विहिरीच्या आसपास मुळीच ओतू नये. ते चवीला गोड आणि जहाल विषारी असते, आणि परसातली कुत्री-मांजरे ते चाटून मरतात. डब्यात भरून गॅरेजमध्ये जमा करावे.

कूलंट भरल्यावर हवा काढणे ही निम्मी दुरुस्ती आहे, आणि घाईत नेमकी तीच राहते. हीटर कोर बऱ्याच गाड्यांत यंत्रणेतील उंच भागात येतो, म्हणून बुडबुडा तिथेच जाऊन बसतो. इंजिन गार असताना गाडीचे तोंड चढणीकडे करून, हँडब्रेक ओढून आणि चाकांमागे चिरे लावून उभी करावी. गोव्यात अशी चढण शोधायला लांब जावे लागत नाही. हीटर लाल टोकाला ठेवून झाकण उघडे असतानाच इंजिन सुरू करावे, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत तो सैल ठेवावा, पातळी उतरेल तसे कूलंट घालावे, आणि पातळी स्थिर होऊन हीटरची हवा गरम येऊ लागली की कूलंट उसळण्याआधी झाकण लावावे. मग रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू द्यावे. तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. ती थोडी उतरलेली असणे स्वाभाविक आहे.

पातळी उतरतच राहिली तर

कूलंट संपत नसते, ते कुठेतरी जाते. झाकणाचा रबर, होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची शिवण आणि पंपाखालचे छोटे छिद्र येथे पांढरट किंवा रंगीत सुकलेले डाग शोधावेत. झाकणाचा रबर कडक झाला असेल तर दाब टिकत नाही. ते बदलणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त प्रयोग आहे.

बाहेर काहीच दिसत नसेल तर पुढच्या डाव्या सीटखालची चटई उचलून पाहावी. पावसाळ्यात चटई ओली असण्याची कारणे अनेक, त्यामुळे इथे घोटाळा हमखास होतो. एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल तर चटईवरचे पाणी स्वच्छ, बिनवासाचे असते आणि एसी चालवल्यावरच वाढते. पावसाचे पाणी दरवाजाच्या किंवा काचेच्या रबरातून येते आणि मळकट असते. कूलंट मात्र बोटांना चिकट लागते, त्याला गोडसर वास असतो आणि काचेच्या आतून तेलकट थर धरतो, जो पुसला तरी परत येतो. तसे असेल तर कोर फुटला आहे; तो बदलावाच लागेल. गळती बंद करण्याच्या पुड्या आणि बाटल्या यंत्रणेत टाकू नयेत, कारण त्या छिद्राआधी कोरच्या शाबूत नळ्या बुजवतात.

चटई कोरडी आहे, बाहेर डाग नाही, तरीही पातळी उतरते, भरलेल्या टाकीत इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येतात आणि धुराड्यातून गरम इंजिनावरही पांढरी वाफ निघत राहते, अशी लक्षणे एकत्र दिसली तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलचा, संशय घ्यावा. तेलाच्या झाकणाखाली दिसणारा साईसारखा पांढरा थर हा एकटा पुरावा धरू नये. पावसाळ्यात घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमट हवेमुळेही तो जमतो. तेलाची दांडी काढून पाहावी, आणि तिच्यावरचे तेलही दुधाळ असेल तर गाडी चालवत नेऊ नये, टो करून न्यावी. गॅरेजला देताना ‘हीटर चालत नाही’ एवढेच न सांगता महामार्गावर कूलंटचे तापमान किती, दोन होजांमधला फरक किती, पातळी किती दिवसांत किती उतरली आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही, हे लिहून द्यावे.